दुसऱ्या कंपनीच्या टाइप-सी अडॅप्टरवर लॅपटॉप चार्ज होत नसेल तर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगावात लॅपटॉप दुरुस्तीचे काम करताना गेल्या काही वर्षांत एक बदल स्पष्ट दिसला आहे. पूर्वी चार्जिंगची तक्रार घेऊन येणाऱ्याच्या हातात गोल पिनेचा चार्जर असे, आणि दोष बहुधा पिनेपाशी तुटलेल्या वायरीत सापडे. आता टाइप-सी आले आहे. उद्यमबागेतील कारखान्यांत काम करणारे, खानापूर, निपाणी, चिकोडीकडून शिकायला आलेले आणि घरून नोकरी करणारे असे अनेक जण बाजारात मिळालेला अडॅप्टर लावून पाहतात, आणि चार्जिंग झाले नाही की मदरबोर्डच गेला असे धरून चालतात. त्यांतील पुष्कळांचा लॅपटॉप धडधाकट निघतो. अशा लोकांनी पुन्हा पुन्हा विचारलेले प्रश्न आणि त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. ‘बाहेरचा अडॅप्टर’ म्हणजे लॅपटॉपच्या कंपनीने न बनवलेला अडॅप्टर, एवढाच अर्थ येथे घ्यावा. तो बनावट असतोच असे नाही.

प्रश्न: बाहेरच्या अडॅप्टरवर माझा फोन व्यवस्थित चार्ज होतो, पण लॅपटॉप होत नाही. मग दोष लॅपटॉपमध्येच आहे ना?

बहुतेक वेळा नाही. गोल पिनेचा चार्जर भिंतीत लावला की त्याच्या पिनेवर सुमारे 19 किंवा 20 व्होल्ट लगेच हजर असत, समोर लॅपटॉप असो वा नसो. टाइप-सीचे तसे नाही. टाइप-सी अडॅप्टर सुरुवातीला फक्त 5 व्होल्ट देतो, आणि तेही समोर घेणारे उपकरण आहे अशी खूण पटल्यावरच. त्यानंतर केबलमधील एका वेगळ्या बारीक तारेवरून अडॅप्टर लॅपटॉपला सांगतो की माझ्याकडे 5, 9, 15 आणि 20 व्होल्ट आहेत आणि प्रत्येकावर मी इतका करंट देऊ शकतो. लॅपटॉप त्यातील एक निवडतो, अडॅप्टर होकार देतो आणि मगच मोठा व्होल्टेज केबलमध्ये येतो. या बोलणीला ‘पॉवर डिलिव्हरी’ किंवा थोडक्यात पीडी म्हणतात.

फोनला 5 किंवा 9 व्होल्ट चालतात, म्हणून बोलणी अर्धवट झाली तरी फोनचे काम भागते. लॅपटॉपला बहुधा 20 व्होल्ट लागतात. अडॅप्टरकडे 20 व्होल्ट नसले, किंवा असूनही केबलमुळे ते मागता आले नाहीत, तर लॅपटॉप 5 व्होल्ट सरळ नाकारतो आणि आपल्याला काहीच झाले नाही असे दिसते. म्हणून ‘फोन चार्ज होतो’ ही अडॅप्टर लॅपटॉपला चालेल याची खात्री नव्हे. अडॅप्टर, केबल आणि लॅपटॉप या तिघांचे एकमत व्हावे लागते, आणि पुढील बहुतेक प्रश्न हे एकमत कुठे फिसकटते याचेच आहेत.

प्रश्न: अडॅप्टरवर बारीक अक्षरांत बरेच काही छापलेले असते. त्यातले काय वाचायचे?

‘आउटपुट’ या शब्दापुढची ओळ वाचावी. खोक्यावर मोठ्या अक्षरांत काय लिहिले आहे याला फारसे महत्त्व देऊ नये. परवाच एका विद्यार्थ्याने दोन अडॅप्टर टेबलावर ठेवले. दोन्ही पांढरे, दोन्ही सारख्याच आकाराचे, दोन्हींवर ‘फास्ट’ हा शब्द. भिंगाखाली धरल्यावर पहिल्याच्या आउटपुटमध्ये 5 व्होल्ट 3 अँपिअर, 9 व्होल्ट 2.22 अँपिअर आणि 12 व्होल्ट 1.67 अँपिअर असे होते, आणि तेथेच ओळ संपत होती. म्हणजे तो 20 वॉटचा फोनचा चार्जर. दुसऱ्यावर 5, 9 आणि 15 व्होल्टला प्रत्येकी 3 अँपिअर आणि शेवटी 20 व्होल्ट 3.25 अँपिअर असे होते. व्होल्ट आणि अँपिअर यांचा गुणाकार म्हणजे वॉट. 20 गुणिले 3.25 म्हणजे 65. लॅपटॉपसाठी हाच दुसरा अडॅप्टर उपयोगाचा.

20 व्होल्टची नोंद नसेल तर तो अडॅप्टर बहुसंख्य लॅपटॉपना चालणार नाही, मग दुकानदार काहीही सांगो. काही हलक्या लॅपटॉपना 15 व्होल्टवर चार्जिंग घेता येते, परंतु त्या भरवशावर खरेदी करू नये. अक्षरे फारच बारीक असतील तर फोनने फोटो काढून मोठा करून पाहावा. डोळ्यांना ताण देत बसण्यापेक्षा ते सोपे.

प्रश्न: माझ्या लॅपटॉपला किती वॉटचा अडॅप्टर लागेल?

लॅपटॉपसोबत आलेल्या मूळ चार्जरवर जे वॉट असतील तेवढे किंवा त्याहून अधिक. मूळ चार्जर हरवला असेल तर लॅपटॉपच्या तळाशी छापलेले व्होल्ट आणि अँपिअर पाहून गुणाकार करावा. अंदाजासाठी सांगायचे तर पातळ, पंखा नसलेल्या लॅपटॉपना 30 ते 45 वॉट पुरतात आणि कार्यालयीन कामाच्या सर्वसाधारण लॅपटॉपना 65 वॉट लागतात. वेगळे ग्राफिक्स कार्ड असलेल्या लॅपटॉपना 100 वॉट किंवा त्याहून बरेच अधिक लागतात, आणि अशांतील अनेकांना टाइप-सीवरून पुरेशी शक्ती मिळतच नाही; त्यांचा मूळ जाड चार्जरच वापरावा.

प्रश्न: 65 वॉटच्या लॅपटॉपला 100 वॉटचा अडॅप्टर लावला तर लॅपटॉप जळेल का?

जळणार नाही. वॉटचा आकडा म्हणजे अडॅप्टरची देण्याची कमाल ताकद. किती घ्यायचे ते लॅपटॉप ठरवतो. गावातील पाण्याची टाकी मोठी असली म्हणून आपल्या नळाला अधिक पाणी येत नाही, तसेच हे आहे. खर्च परवडत असेल तर थोडा मोठा अडॅप्टर घेणे उलट चांगले, कारण तो आपल्या मर्यादेच्या टोकाला राबत नाही आणि कमी तापतो.

प्रश्न: अडॅप्टर योग्य आहे, केबलही टाइप-सीचीच आहे. तरीही चार्जिंग हळू होते किंवा होतच नाही. केबलमध्ये फरक असतो का?

फार मोठा फरक असतो, आणि माझ्या अनुभवात सर्वाधिक वेळ याच एका गोष्टीने खाल्ला आहे. दोन्ही टोके सारखी दिसतात म्हणून केबली सारख्या, असा समज सर्वत्र आहे. प्रत्यक्षात साधी दुतर्फा टाइप-सी केबल 3 अँपिअरपर्यंतच मान्य आहे. 20 व्होल्टला 3 अँपिअर म्हणजे 60 वॉट. त्यापुढे जायचे असेल तर केबलच्या टोकात एक लहान चिप असावी लागते, जी अडॅप्टरला सांगते की मी 5 अँपिअर सहन करू शकते. या चिपला ‘ई-मार्कर’ म्हणतात. ती नसेल तर 100 वॉटचा अडॅप्टरसुद्धा 60 वॉटवरच थांबतो. हा त्याचा दोष नव्हे. केबल वितळू नये म्हणून केलेली ती व्यवस्था आहे. 2021 मध्ये पॉवर डिलिव्हरीची 3.1 ही आवृत्ती आली आणि मर्यादा 100 वरून 240 वॉटपर्यंत गेली, त्यासाठी आणखी वेगळ्या केबली निघाल्या. नव्या केबलींवर 60 किंवा 240 वॉट असा शिक्का असू शकतो; असेल तर निवड सोपी होते.

खानापूरहून येणाऱ्या एका विद्यार्थिनीचे उदाहरण सांगण्यासारखे आहे. तिने वडिलांकडे हट्ट करून 100 वॉटचा चांगला अडॅप्टर घेतला, पण डिझाइनचे सॉफ्टवेअर चालवताना बॅटरी चार्जर लावलेला असूनही उतरत असे. दुकानात दोनदा अडॅप्टर बदलून झाला. केबल कोणती, हे कोणी विचारलेच नव्हते. ती फोनच्या खोक्यातली होती. 5 अँपिअरची केबल लावली आणि मीटरवर आकडा 58 वरून 90 च्या पुढे गेला. तोपर्यंत तिघांनी मिळून लॅपटॉपची बॅटरी बदलायचे ठरवले होते.

एका टोकाला जुने चौकोनी यूएसबी आणि दुसऱ्या टोकाला टाइप-सी असलेल्या केबलीचा विचार लॅपटॉपसाठी करूच नये. तीत पॉवर डिलिव्हरीची बोलणी होत नाही. लांबीही पाहावी. स्वस्त आणि दोन मीटरहून लांब केबलीत तार बारीक असेल तर वाटेतच व्होल्टेज पडतो.

वाईट केबल चार्जिंग थांबवते एवढ्यावरच प्रकरण राहत नाही. 2016 च्या सुरुवातीला गूगलच्या एका अभियंत्याने ऑनलाइन विकत घेतलेली एक केबल तपासताना आपला लॅपटॉप गमावला, कारण त्या केबलमध्ये धन आणि ऋण तारा उलट जोडलेल्या होत्या. त्यामुळे बाजारात हातगाडीवर मिळणारी केबल फोनसाठी कोणी घेतली तर मी वाद घालत नाही, पण पन्नास-साठ हजारांच्या लॅपटॉपला ती लावू नये असे मात्र आग्रहाने सांगतो.

प्रश्न: चार्जर लावल्यावर ‘स्लो चार्जर’ असा संदेश येतो. काय करावे?

संदेश खरा आहे. अडॅप्टरशी बोलणी झाली, पण ठरलेली शक्ती लॅपटॉपच्या गरजेपेक्षा कमी आहे. लॅपटॉप बंद ठेवून चार्ज केल्यास रात्रभरात बॅटरी भरेल. काम करताना मात्र टक्का जागच्या जागी राहील किंवा हळूहळू उतरेल. वर सांगितल्याप्रमाणे आधी केबल बदलून पाहावी, मग अडॅप्टर.

प्रश्न: चार्जिंग 80 टक्क्यांवर, कधी 60 टक्क्यांवर अडकते. अडॅप्टर कमी ताकदीचा आहे का?

बहुधा नाही. बॅटरीचे आयुष्य वाढावे म्हणून लेनोव्हो, आसूस, डेल आदी कंपन्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये चार्जिंगला मर्यादा घालण्याची सोय असते आणि ती कधी आपल्या नकळत सुरू झालेली असते. कंपनीच्या ॲपमधील बॅटरीच्या सेटिंगमध्ये जाऊन पाहावे. सतत टेबलावर असणाऱ्या लॅपटॉपसाठी ती मर्यादा चांगलीच आहे. बंद करण्याची घाई करू नये.

प्रश्न: माझ्या लॅपटॉपला दोन टाइप-सी पोर्ट आहेत. एकात चार्ज होतो, दुसऱ्यात होत नाही. पोर्ट खराब आहे का?

असेलच असे नाही. प्रत्येक टाइप-सी पोर्ट चार्जिंग घेतोच असे नाही. काही केवळ पेनड्राइव्ह आणि स्क्रीन जोडण्यासाठी असतात. पोर्टशेजारी प्लगची किंवा बॅटरीची छोटी खूण, किंवा थंडरबोल्टची विजेसारखी खूण आहे का ते पाहावे. ज्या लॅपटॉपला गोल पिनेचा वेगळा चार्जर येतो, त्यातील स्वस्त मॉडेलांचा टाइप-सी पोर्ट अनेकदा फक्त डेटासाठी असतो. अशा लॅपटॉपला जगातला सर्वांत महाग टाइप-सी अडॅप्टर लावला तरी काही होणार नाही. अडॅप्टर घेण्यापूर्वी मॉडेल क्रमांक टाकून कंपनीच्या संकेतस्थळावर ही एक गोष्ट तपासली, तर बेळगावची एक खेप वाचते.

प्रश्न: एकाच अडॅप्टरला तीन पोर्ट आहेत. फोन लावला की लॅपटॉपचे चार्जिंग क्षणभर तुटते आणि नंतर हळू होते. हे धोकादायक आहे का?

धोकादायक नाही. खोक्यावरचे 65 वॉट एकाच पोर्टचा वापर असतानाचे असतात. दुसरा पोर्ट वापरात आला की अडॅप्टर शक्तीची नव्याने वाटणी करतो, उदाहरणार्थ एकाला 45 आणि दुसऱ्याला 20, आणि त्यासाठी लॅपटॉपशी पुन्हा पहिल्यापासून बोलणी करतो. ते क्षणभर तुटणे म्हणजे ही नवी बोलणी. मात्र बॅटरी काढून टाकलेला किंवा बॅटरी पूर्ण निकामी झालेला लॅपटॉप अशा अडॅप्टरवर चालवत असाल तर त्या क्षणी तो धाडकन बंद पडेल आणि लिहीत असलेले काम जाईल. ही वाटणी कोणत्या पोर्टला किती होते, त्याचा तक्ता बहुतेक अडॅप्टरच्या अंगावर किंवा माहितीपत्रकात असतो.

प्रश्न: फोनसोबत 65 किंवा 80 वॉटचा चार्जर आला आहे. तो लॅपटॉपला का चालत नाही?

कारण ते वॉट त्या फोनकंपनीच्या खासगी पद्धतीचे असतात. अनेक फोनकंपन्यांनी कमी व्होल्ट आणि खूप करंट अशी स्वतःची रीत काढली आहे, जी त्यांचाच फोन आणि त्यांचीच केबल यांनाच समजते. लॅपटॉपला पीडीची भाषा येते, ही नव्हे. अशा काही चार्जरमध्ये पीडीही असते, पण कमी वॉटची. पुन्हा आउटपुटची ओळच वाचावी: 20 व्होल्ट आणि पीडी हे दोन्ही दिसले तरच आशा ठेवावी.

प्रश्न: लॅपटॉप सुरू करताना ‘अडॅप्टर ओळखता येत नाही’ अशा अर्थाचा संदेश येतो. पुढे जावे का?

काही कंपन्यांचे लॅपटॉप आपल्या चार्जरची ओळख विचारतात आणि ती पटली नाही तर असा संदेश देऊन कमी वेगाने चालतात. डेलचा 130 वॉटचा टाइप-सी चार्जर हे यातले नेहमीचे उदाहरण आहे. तो 20 व्होल्टला 6.5 अँपिअर देतो, तर पॉवर डिलिव्हरीच्या मानकात 5 अँपिअरच्या पुढे परवानगीच नाही. म्हणून त्या लॅपटॉपला बाहेरचा 100 वॉटचा उत्तम अडॅप्टर लावला तरी संदेश येतोच. काम चालते, पण जड काम करताना वेग कमी झालेला जाणवेल. संदेश दाखवून पुढे जाऊ देत असेल तर जाण्यास हरकत नाही.

टाइप-सीपासून गोल पिनेत रूपांतर करणाऱ्या केबलींबद्दल मी सावध आहे. त्या अडॅप्टरकडून 20 व्होल्ट मागून घेतात आणि पिनेवर देतात. डेल, एचपीच्या गोल पिनेच्या मध्ये ओळख सांगणारी बारीक सुई असते. तिच्यावर योग्य संकेत आला नाही तर लॅपटॉप सुरू होतो पण बॅटरी चार्ज होत नाही. प्रवासात अडचणीला ठीक, रोजच्या वापराला नको.

प्रश्न: लॅपटॉप महिनाभर बंद होता. आता कोणताच टाइप-सी अडॅप्टर लावला तरी दिवासुद्धा लागत नाही. मेला का?

लगेच तसे मानू नये. बॅटरी तळाला गेली की बोलणी करणारा लॅपटॉपमधला भागही झोपलेला असतो. अडॅप्टर लावून अर्धा तास तसाच ठेवावा, मधूनमधून काढून पाहू नये. त्यानंतरही काही झाले नाही तर अडॅप्टर काढावा, पॉवरचे बटण तीस सेकंद दाबून धरावे, सोडावे, आणि अडॅप्टर पुन्हा लावून काही मिनिटांनी सुरू करावे. काही लॅपटॉपच्या तळाशी यासाठी टाचणीने दाबायचे बारीक छिद्र असते. शक्य असेल तर ही सगळी खटपट मूळ चार्जरवर करावी, कारण बाहेरचे काही अडॅप्टर अशा झोपलेल्या लॅपटॉपला उठवू शकत नाहीत.

प्रश्न: केबल एका विशिष्ट कोनात धरली तरच चार्ज होते. पोर्ट बदलावा लागेल का?

आधी पोर्ट स्वच्छ आहे का ते पाहावे. शहापूर, वडगाव, खासबाग भागांत घरोघरी यंत्रमाग आहेत, आणि तेथून येणाऱ्या लॅपटॉपच्या पोर्टमध्ये सुताचे बारीक तंतू दाबून बसून नमद्यासारखी गादी तयार झालेली मी अनेकदा पाहिली आहे. केबल आत पूर्ण बसतच नाही. बाहेर नखाच्या जाडीएवढी फट दिसते. लॅपटॉप बंद करून, अडॅप्टर काढून, लाकडी दात-कोरणीने कडेकडेने हलकेच तंतू काढावेत. टाचणी, सुई किंवा सिमकार्डची पिन वापरू नये, कारण पोर्टच्या मध्ये संपर्काच्या तारा असलेली पातळ जीभ असते आणि ती एकदा मोडली की पोर्टच बदलावा लागतो.

खानापूर, जांबोटी, कणकुंबी भागांत तक्रार वेगळी असते. तेथे पावसाळ्यात चार महिने हवा इतकी दमट असते की कपाटातल्या कपड्यांनाही वास येतो; पोर्टच्या संपर्कांवर हिरवट-काळपट थर चढतो आणि बोलणीची बारीक तार नीट जोडली जात नाही. फुंकर मारून हा थर जात नाही, उलट तोंडातील ओलावा आत जातो. असा थर दिसला तर संपर्क साफ करण्याचे द्रव असलेल्या माणसाकडेच काम द्यावे. टाइप-सी पोर्ट 10,000 वेळा लावण्या-काढण्यासाठी बनवलेला असतो, तेव्हा तो झिजून जाण्यापेक्षा घाण, ओल किंवा केबलला पाय अडकून बसलेला हिसका यांनीच बहुधा जातो. स्वच्छ केल्यावरही केबल लळालळा हलत असेल, तर मात्र पोर्ट सैल झाला आहे.

प्रश्न: चार्जर लावून लॅपटॉपच्या धातूच्या अंगावर हात फिरवला की झिणझिण्या येतात. शॉक बसतो आहे का?

दोन पिनांच्या अडॅप्टरवर धातूच्या अंगाच्या लॅपटॉपला हा अनुभव सर्रास येतो. अडॅप्टरच्या आत विजेचा गोंगाट गाळण्यासाठी बसवलेल्या एका कपॅसिटरमधून अत्यंत थोडा करंट बाहेरच्या अंगापर्यंत येतो, आणि त्याला जमिनीत जाण्याची वाट नसल्यामुळे तो आपल्या हातातून जातो. प्रमाणित अडॅप्टरमध्ये हा करंट सुरक्षित मर्यादेत असतो. अर्थिंगची तिसरी पिन असलेला अडॅप्टर वापरल्यास झिणझिण्या थांबतात, अर्थात घरातील पॉइंटला खरोखर अर्थिंग असेल तरच. बेळगावातल्या जुन्या गल्लीतल्या घरांत तीन भोकांचा पॉइंट असतो, पण अर्थिंगची तार मागे कुठेच जोडलेली नसते. हे इलेक्ट्रिशियनकडून टेस्टर किंवा मीटर लावून पाहावे. झिणझिण्यांच्या पलीकडे जाऊन खरा झटका बसला, किंवा नाव-शिक्का नसलेल्या अडॅप्टरवर हा प्रकार होत असेल, तर तो अडॅप्टर त्याच क्षणी बंद करून पुन्हा वापरू नये.

प्रश्न: वीज गेल्यावर इन्व्हर्टरवर लॅपटॉप चार्ज होत नाही, अडॅप्टर गुणगुणतो. लाइन आल्यावर ठीक चालतो. का?

घरात साधा स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टर असेल तर हे घडते. त्याची वीज गुळगुळीत लाटेसारखी नसून पायऱ्यांसारखी असते. लहान अडॅप्टर ती निभावून नेतात. मोठ्या वॉटच्या अडॅप्टरमधील सुरुवातीच्या भागाला ती पचत नाही आणि तो गुणगुणतो, तापतो किंवा स्वतःला बंद करून घेतो. साइन वेव्ह इन्व्हर्टरवर ही अडचण येत नाही. तोपर्यंत इन्व्हर्टरवर 45 वॉटचा लहान अडॅप्टर वापरावा.

व्होल्टेज कमी-जास्त होण्याबद्दलही विचारले जाते. अडॅप्टरच्या ‘इनपुट’पुढे 100 ते 240 व्होल्ट असे लिहिलेले असते, म्हणून कमी व्होल्टेजने त्याचे सहसा बिघडत नाही. जास्त व्होल्टेज आणि वीज परत येतानाचा उसळता झटका यांनी बिघडते. शेतातील पंपसेटच्या लाइनवरच घर असलेल्यांनी वीज गेल्यावर अडॅप्टर पॉइंटमधून काढून ठेवण्याची सवय लावावी. घरात सतत व्होल्टेज वाढत असेल तर अडॅप्टर बदलत बसण्याऐवजी हेस्कॉम या वीज कंपनीच्या 1912 या क्रमांकावर तक्रार नोंदवावी.

प्रश्न: पॉवर बँक लावली तर लॅपटॉप चार्ज होण्याऐवजी पॉवर बँकच चार्ज होऊ लागली.

टाइप-सीमध्ये देणारा आणि घेणारा यांची भूमिका बदलू शकते. दोघेही दोन्ही करू शकत असतील तर कधी उलटे ठरते. केबल काढून आधी पॉवर बँकेचे बटण दाबावे आणि मग जोडावी. तरीही उलटेच होत असेल तर पॉवर बँकेत लॅपटॉपपुरती ताकद नाही असे समजावे.

प्रश्न: बनावट अडॅप्टर ओळखायचा कसा?

भारतात अशा अडॅप्टरना भारतीय मानक ब्यूरोची, म्हणजे बीआयएसची, नोंदणी सक्तीची आहे. अडॅप्टरच्या अंगावर बीआयएसचे चिन्ह आणि ‘आर’ अक्षराने सुरू होणारा आठ आकडी क्रमांक असला पाहिजे. तो क्रमांक ‘बीआयएस केअर’ या ॲपमध्ये टाकल्यावर उत्पादकाचे नाव आणि वस्तूचा प्रकार दिसतो. दुकानात उभे राहून दोन मिनिटांत होणारे हे काम आहे. चिन्ह छापणे सोपे असते, म्हणून ॲपमध्ये दिसणारे नाव आणि खोक्यावरचे नाव जुळते का तेही पाहावे.

आकार आणि वजन यांवरून पूर्वी बरेच कळत असे. आता गॅलियम नायट्राइडच्या, म्हणजे ‘गॅन’ म्हणून विकल्या जाणाऱ्या अडॅप्टरमुळे चांगला 65 वॉटचा अडॅप्टरही मुठीत मावतो, त्यामुळे लहान म्हणजे खोटा हा नियम राहिला नाही. मात्र अतिशय हलका, हलवल्यावर आत काही खुळखुळणारा, अक्षरांत शुद्धलेखनाच्या चुका असलेला आणि बिल न देता विकला जाणारा अडॅप्टर घेऊ नये. वापरताना हात ठेवता येणार नाही इतका तापणे, जळका वास येणे किंवा प्लॅस्टिक पिवळे पडणे यांपैकी काही दिसले तर पुढे प्रयोग नकोत. लॅपटॉपचा तळ फुगलेला दिसला किंवा टचपॅड वर उचलले गेले, तर ती बॅटरी फुगली आहे. चार्जिंग थांबवून लॅपटॉप बंद अवस्थेत दुरुस्तीला द्यावा.

प्रश्न: बाहेरचा अडॅप्टर वापरला तर लॅपटॉपची वॉरंटी जाते का?

केवळ वापरल्याने सहसा जात नाही. परंतु त्या अडॅप्टरमुळे बिघाड झाला असे कंपनीला आढळले, तर तो बिघाड ती वॉरंटीत धरणार नाही. म्हणून वॉरंटी सुरू असताना मूळ चार्जर जपून ठेवावा आणि सर्व्हिस सेंटरला जाताना तोच न्यावा.

प्रश्न: अडॅप्टर कोल्हापुरात घेतला, राहतो निपाणीत. दुकानदार बदलून देत नाही. तक्रार कोठे करायची?

सीमाभागात हा प्रश्न नेहमीचाच आहे, आणि राज्य बदलले म्हणून हक्क बुडतो असे समजून पुष्कळ लोक गप्प बसतात. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार तक्रारदार जेथे राहतो किंवा नोकरी-धंदा करतो, तेथील जिल्हा आयोगाकडेही तक्रार करता येते. म्हणजे निपाणीच्या माणसाने कोल्हापूरच्या दुकानाविरुद्धची तक्रार बेळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगात दाखल करण्यास कायद्याची आडकाठी नाही, आणि वस्तूची किंमत पाच लाखांच्या आत असल्यामुळे शुल्कही नाही. त्याआधी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर बोलून पाहावे. तेथे मराठीतही बोलता येते आणि दोन-तीन हजारांच्या वस्तूचे प्रकरण बहुधा तेथेच मिटवण्याचा प्रयत्न होतो. मात्र बिल हवेच. जीएसटी वाचवण्यासाठी बिल न घेणाऱ्याला यांपैकी कोणताच मार्ग फारसा उपयोगी पडत नाही.

प्रश्न: दुरुस्तीला येताना काय घेऊन यावे?

लॅपटॉप, अडॅप्टर आणि केबल ही तिन्ही, आणि तीही ज्या जोडीत अडचण येते त्याच जोडीत. केबल घरी राहिली म्हणून दुकानातल्या केबलवर तपासणी केली जाते, लॅपटॉप तेथे छान चार्ज होतो, आणि माणूस अथणीला परत जाऊन दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन करतो. चार्जिंग कोणत्या पोर्टला, लॅपटॉप सुरू असताना की बंद असताना होत नाही, आणि पडद्यावर संदेश आला असल्यास त्याचा फोटो, एवढे सोबत असले तर मीटर लावून दहा मिनिटांत सांगता येते की तिघांपैकी कोण बोलत नाही.